शेवट माहीत असलेल्या कादंबऱ्या

ज्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून मराठी माणसाला उभारी येते, त्यांचे शेवट एकदा ओळीने आठवून पाहावेत. ‘स्वामी’तले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने जातात. ‘छावा’तल्या संभाजीराजांचे हाल लिहायलाही हात धजत नाही. ‘मृत्युंजय’ खरे तर पौराणिक, पण वाचनालयात ती याच फळीवर सापडते. तिथेही कर्ण मरतोच. ‘पानिपत’ची तर गोष्टच वेगळी. हरलेल्या लढाईचे नाव कपाळावर घेऊन ती १९८८ साली आली आणि घरोघरी गेली. एकही शेवट गोड नाही. तरी पुस्तक परत करायला येणारा माणूस ताठ मानेने येतो.

मालवणहून कसालकडे जाताना लागणाऱ्या कट्ट्यासारख्या गावात वाचनालयातली मागणी साधारण एकाच साच्याची असते. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’ चित्रपट आला आणि १९७९ची कादंबरी नव्याने हवीशी झाली. ती वाचून झाली, की पुढचा प्रश्न ठरलेला: “वाचून मनाक बरा वाटात असा आणखी कायतरी आसा?” या प्रश्नाला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला तो रास्त वाटतो. उत्तर मात्र आपण आळसाने देतो. त्याच राजघराण्यावरची दुसरी कादंबरी काढून हातात ठेवतो. विश्वास पाटलांची ‘महासम्राट’ मालिका अवश्य द्यावी, तिच्यामागे अभ्यास आहे. पण वाचकाला नेमके काय आवडले होते, हे कुणी विचारत नाही.

माझ्या मते त्याला विजय आवडलेला नसतो, कारण विजय तिथे नव्हताच. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही वाकायला तयार नसलेला माणूस त्याला आवडलेला असतो. तोशिकाझू कावागुची या जपानी लेखकाच्या ‘बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड’ या गाजलेल्या कादंबरीत एका कॅफेतून भूतकाळात जाता येते, पण तिथे काहीही केले तरी आजचा दिवस बदलत नाही. तरीही माणसे जातात. ‘छावा’चा वाचक दुसऱ्यांदा पुस्तक उघडतो तेव्हा तो तरी वेगळे काय करतो? संगमेश्वरला राजे पकडले जाणार, हे त्याला पहिल्या पानापासून माहीत असते.

एकदा हे मान्य केले, की शिफारशीची यादी बदलते. मग मी नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ पुढे करीन. ती अगदी ताजी नाही, १९९७ची आहे. पण आपल्या वाचनालयांत ती अजून नवीच आहे. यातला अंताजी वीर नाही. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालस्वाऱ्यांचा तो काळ जीव सांभाळत, मिस्कीलपणे पाहणारा तो माणूस आहे. मराठी फौजांची लूट लुटल्या गेलेल्यांच्या बाजूने कशी दिसत असेल, हा विचार वाचताना टाळता येत नाही. काहींना हे झोंबेल. झोंबू द्यावे. अंताजीचा विनोद मात्र मनात राहतो, आणि संकटात हसू शाबूत ठेवणे ही उभारी काही कमी प्रतीची नव्हे. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) याहून अवघड. जाडजूड आहे, एका मुदतीत संपायची नाही. पण एका कुळाच्या पिढ्या शतकांच्या उलथापालथीतून कशा तगत गेल्या, हे तिच्यात दिसते. राजे येतात-जातात, नांगर धरणारा राहतो.

आपल्या किनाऱ्याचे दुखणे थोडे वेगळे आहे. सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४मध्ये सुरू झाले, भर समुद्रात, कुरटे बेटावर. तिथवर दगड-चुना नेणारे, पाया भरणारे, पुढे आरमारावर राबणारे गाबीत आणि भंडारी कादंबरीत कितीसे भेटतात? गो. नी. दांडेकरांची ‘दर्याभवानी’ आहे, ती जुनी असली तरी मागणाऱ्याच्या हातात जरूर पडावी. बाकी आपली ऐतिहासिक कादंबरी बहुतेक घाटावरच नांदते.

ज्याला निव्वळ उभारीच हवी आहे त्याला मी बेलाशक शरद बाविस्करांचे ‘भुरा’ देईन. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, पण वाचणारा हा भेद करत बसत नाही. धुळ्याकडचा एक मुलगा दहावीला इंग्रजीत नापास होतो आणि पुढे दिल्लीच्या जेएनयूत फ्रेंच शिकवतो. कुणी कल्पनेतून रचले असते, तर अतिरंजित म्हणून बाजूला ठेवले गेले असते.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती धरणामुळे उठलेल्या गावाची आणि मागे राहिलेल्या म्हशीची गोष्ट. तिला ऐतिहासिक कोण म्हणेल? तिलारी धरणासाठी दोडामार्गाकडची जी गावे उठली, तिथल्या माणसाला विचारावे. त्याच्या लेखी तो इतिहासच आहे, फक्त त्याची बखर कुणी लिहिली नव्हती. ‘छावा’ परत करणाऱ्याला ‘रिंगाण’ लगेच देऊ नये, तो बिचकेल. आधी अंताजी, आणि अंताजी आवडला तर मग म्हैस.