अचूक वचन, खोटी साक्ष

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील विश्वासवीरांचे वर्णन वाचताना ३७ व्या वचनाशी आपण थबकतो. काहींना करवतीने चिरण्यात आले, असे लेखक सांगतो. पण कोणाला, हे सांगत नाही. जुन्या करारात कोणा संदेष्ट्याच्या अशा मरणाची नोंद नाही. प्राचीन यहुदी व ख्रिस्ती परंपरा मात्र येथे यशयाचे नाव घेते.

ही हकिकत ‘यशयाचे स्वर्गारोहण’ या ग्रंथात येते. पहिले पाच अध्याय त्याच्या हौतात्म्याचे, पुढचे सहा त्याला झालेल्या सात स्वर्गांच्या दर्शनाचे. संपूर्ण ग्रंथ इथिओपियातील ख्रिस्ती लोकांनी गीझ भाषेत जतन करून ठेवला. आपण त्याला पवित्र शास्त्राच्या पंक्तीस बसवीत नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही वाचकहो, त्यातील एक प्रसंग माझ्या मनाला चटका लावून गेला आहे.

हिज्कीयाच्या पश्चात मनश्शे राजा होतो आणि यरुशलेमेत अनीती माजते. यशया आपल्या सोबत्यांसह डोंगरावर जाऊन राहतो. रानचा पाला खाऊन ते दिवस काढतात. तेव्हा बेल्खिरा नावाचा खोटा संदेष्टा राजापुढे यशयावर आरोप ठेवतो. कोणालाही देवाला पाहून जिवंत राहता येणार नाही असे मोशे सांगतो, पण यशया तर आपण देवाला पाहिले असे म्हणतो! शिवाय त्याने यरुशलेमेला सदोम आणि तिच्या अधिपतींना गमोरा म्हटले आहे!

आता हे आरोप नीट तपासून पाहा. मोशेचे वचन निर्गम ३३:२० मध्ये आहे. यशयाचे दर्शन त्याच्या सहाव्या अध्यायात आणि सदोम-गमोऱ्याचा उल्लेख पहिल्या अध्यायात आहे. बेल्खिराने दिलेले दाखले खरे आहेत. खोटा आहे तो त्यांचा उपयोग. मोशेने देवाच्या पावित्र्याविषयी सांगितले. बेल्खिराने त्याच शब्दांचा एका माणसासाठी फास केला.

मी अनेक वर्षे बायबलच्या भाषांतराचे काम करीत आहे. एकदा एका तरुण सहकाऱ्याने माझ्या शब्दयोजनेवर हरकत घेतली. मी इब्री व्याकरणाचे इतके दाखले दिले की तो गप्प झाला. दाखले अचूक होते. परंतु वचनाचा अर्थ उलगडावा म्हणून मी ते दिले नव्हते. त्याचे तोंड बंद व्हावे म्हणून दिले होते. पुढे कळले की त्याची शंका रास्त होती. त्या दिवशी मी कोणाच्या पंक्तीला बसलो होतो?

करवत चालू असतानाही यशयाला सुटकेची वाट दाखविली जाते: आपण खोटे बोललो, एवढे त्याने कबूल करावे. तो नकार देतो. पण सोबतीच्या संदेष्ट्यांना मात्र तो सोर व सीदोन प्रांतांकडे निघून जाण्यास सांगतो. हा प्याला केवळ आपल्यासाठी आहे, असे त्याचे म्हणणे. सत्यासाठी तो स्वतःचा प्राण देतो, दुसऱ्याचा मागत नाही. बेल्खिराला वचने पाठ आहेत. पण त्यांची किंमत तो दुसऱ्याच्या रक्ताने चुकती करतो.

प्रिय वाचकहो, कुटुंबात, मंडळीच्या सभेत किंवा वादाच्या प्रसंगी आपण शास्त्रवचन उच्चारतो, तेव्हा ते बरोबर आहे ना, एवढेच पाहणे पुरेसे नाही. त्या वचनाची धार आधी कोणाला लागत आहे, मला की माझ्या भावाला, हेही देवासमोर विचारावयास हवे.