रात्रपाळीची झोप

उपासनेत कोणी डुलकी घेतली की आपण चटकन म्हणतो, "याला वचनाची गोडी नाही." पण रात्रपाळी संपवून तसाच उपासनेला आलेला कामगार किंवा परिचारिका यांना आळशी म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

आपल्या शरीरातील घड्याळ उजेड-अंधारावर चालते. त्याची घडण उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दिवसा हे घड्याळ जागे राहण्याची हाक देते. म्हणून पाळीवाल्याची झोप तुटक होते. ती उणीव केवळ मनोनिग्रहाने भरून निघत नाही.

त्रोवस येथे पौलाचे भाषण लांबले तेव्हा युतुख झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून पडला. पौलाने त्याला दोष दिल्याचे आपण वाचत नाही; तो खाली उतरला व त्याने त्याला कवटाळले.

आपणही थोडे खाली उतरू या. पाळीवाल्याच्या घरात दिवसा काळोख व शांतता राखू, दुपारी त्याचे दार ठोठावणार नाही. शिक्षिकेची रात्रपाळी असेल त्या रविवारी तिचा वर्ग दुसऱ्याने घ्यावा. ही दया नव्हे. ज्यांच्या जागरणावर आपण निर्धास्त झोपतो, त्यांचे हे ऋण आहे.