पाळक आणि प्राचार्य

चि. बाळास,

पत्र पोचलं. सेमिनरी संपली की मंडळी सांभाळावी, मिशनच्या कॉलेजात शिरावं की दोन्ही करावं, असं विचारतोस. दोन्ही जमतं, मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी ते जन्मभर केलं. पण त्याची झळ कुणाकुणाला लागली, तेही पाहून ठेव.

चौपाटीसमोरच्या कॉलेजच्या इमारतीमुळे विल्सन हे नाव आपल्याला माहीत असतं, पण ती 1889 ची. साहेब 1875 मध्येच वारले होते. 1829 मध्ये हा स्कॉटिश तरुण मुंबईत उतरला, मराठी शिकायला बाणकोट-हर्णैकडे गेला आणि वर्षाच्या आत मराठीतून उपदेश करू लागला. 1831 मध्ये मंडळी स्थापन केली, 1832 मध्ये आंब्रोळीला इंग्रजी शाळा काढली. मोरभट दांडेकर या हिंदू पंडिताशी त्यांचा धर्मवाद गाजला तो याच सुमारास. पत्नी मार्गारेट मुलींच्या शाळा चालवी. ती 1835 मध्येच गेली. तिच्याबद्दल लोक एका ओळीत बोलतात, आणि मीही तेच केलं बघ.

आता 1839. धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. सगळी पारशी वस्ती खवळली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि धनजीभाईंनी कुठे राहायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, असा निकाल लागला. ते विल्सनकडेच राहिले. पारशी मुलं शाळेतून धडाधड काढून घेतली गेली. मिशनच्या पुस्तकांत हा विजय म्हणून सांगतात. मी वाचतो तेव्हा मला मुलाला इंग्रजी यावं, चार पैसे मिळावेत म्हणून त्याला शाळेत घालणारा बापच आधी दिसतो. विल्सननी लपवाछपवी केली नव्हती. शाळेत बायबल शिकवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि घरातला मुलगा उठून जाणं वेगळं. चारच वर्षांनी तसंच पुन्हा घडलं: नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्यामागे मिशनकडे गेलेल्या धाकट्या भावाला, श्रीपतला, कोर्टाने अज्ञान म्हणून बापाच्या हवाली केलं. जालन्याजवळ बेथेल वसवणारे ते हेच नारायण शेषाद्री. त्यांच्याविषयी आपल्या घरात अभिमानानेच बोललं जातं. श्रीपतला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झगडले, हेही तुला ठाऊक असावं.

विल्सनची मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. 1843 मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं. पाळक मंडळीने निवडायचा की जमीनदाराने लादायचा, हा त्या भांडणाचा गाभा. विल्सन फुटून निघालेल्या फ्री चर्चच्या बाजूने गेले. परिणाम असा की मुंबईत उभी राहत असलेली नवी इमारत जुन्या चर्चच्या हाती राहिली आणि त्यांनी संस्था भाड्याच्या जागेत पुन्हा उभारली. मंडळीच्या हक्कासाठी कॉलेजची वास्तू सोडणारा प्राचार्य! पुढे 1868 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1870 मध्ये फ्री चर्चचे मॉडरेटर. लिव्हिंगस्टनने आफ्रिकेतून आणलेली चुमा आणि वेकतानी ही पोरंसुद्धा काही काळ त्यांच्याच शाळेत होती. लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचं शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत हा चुमा होता.

तुझ्या प्रश्नाबद्दल माझं मत असं. व्यासपीठावरून तू लोकांना निर्णय घ्यायला सांगणार. तो पाळकाचा धर्मच आहे. पण फी भरून वर्गात बसलेला पोरगा तुझ्या मंडळीचा सभासद नव्हे. त्याला हजेरी, गुण, शिफारसपत्र सगळं तुझ्या हातून मिळतं, त्यामुळे तुझा साधा आग्रहसुद्धा त्याला जड जातो. विल्सनकडे विद्वत्ता होती, धैर्य होतं. हे भान मात्र मला त्यांच्यात कमी दिसतं. त्यांनी अवेस्ता अभ्यासला, पण मुख्यतः खोडून काढण्यासाठी.

मुलाखतीत कमिटी पगाराबद्दल आणि निष्ठेबद्दल विचारेल. हे बहुधा कुणी विचारणार नाही, म्हणून मीच विचारतो: एखादा बाप केबिनच्या दारात येऊन उभा राहिला, तर त्याच्याशी काय बोलशील? उत्तर लिही. आणि आजीला फोन कर, ती माझ्यावर चिडली आहे.

तुझे
आजोबा