वैद्याने दिलेली जखम

राजगृहात एका भिक्षूच्या भगंदरावर आकाशगोत्त नावाचा वैद्य शस्त्र चालवत होता, अशी हकीगत विनयपिटकातल्या महावग्गात आहे. हे कळल्यावर बुद्धांनी नियम घालून दिला, की गुह्यभागाभोवती दोन बोटांच्या अंतरात शस्त्रकर्म करायचे नाही. नियम संघाचा, पण त्यामागची कारणे थेट वैद्यकीय आहेत. तिथली कातडी नाजूक, जखम भरायला अवघड आणि शस्त्र नेमके चालवणे कठीण. इतरत्र गळवांवर शस्त्र चालवायची मुभा त्याच ग्रंथात दिलेली आहे, त्यामुळे हा शस्त्रक्रियेला सरसकट नकार नव्हे. बरे करण्यासाठी मुद्दाम केलेली जखम हीसुद्धा हिंसाच, आणि तिला कारण द्यावे लागते, एवढीच त्यामागची भूमिका दिसते. ही भूमिका मला आजच्या एका किरकोळ वाटणाऱ्या वादात लाख मोलाची वाटते. माकडहाडाजवळच्या पायलोनिडल सायनससाठी मोठी शस्त्रक्रिया करावी की छोटी, हा तो वाद.

नितंबांमधल्या घळीत सुटे केस कातडीत रुततात, आत पोकळी तयार होते, पू धरतो आणि बसायची पंचाईत होते. रोग बहुधा तरुणांचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात तो इतका बोकाळला, की त्याला ‘जीपचा रोग’ म्हणू लागले. त्यापायी सुमारे 80 हजार सैनिक इस्पितळात दाखल झाले. रोग जन्मजात आहे, आत कुठेतरी त्याचे मूळ आहे, अशी तेव्हा समजूत होती. मूळ आहे म्हटल्यावर ते खणून काढणे ओघानेच आले. हाडावरच्या आवरणापर्यंत मांस कापायचे आणि उघडी जखम भरायची आठवडे, कधी महिने वाट पाहायची. 1946 साली पेटी आणि स्कार्फ या इंग्रज डॉक्टरांनी केस बाहेरून आत शिरतात असे मांडले. न्हाव्यांच्या बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकांचे केस रुतून हाच रोग होतो, हा त्याला भक्कम पुरावा होता. इथे प्रश्न निव्वळ शरीरशास्त्राचा उरत नाही. ‘मूळ’ या कल्पनेने सर्जनला खोल कापायचा नैतिक परवाना दिला होता. कल्पना ढासळली, तरी परवाना बरीच वर्षे चालू राहिला.

आता आकडे पाहू, कारण त्यांच्याशिवाय ही चर्चा म्हणजे नुसते प्रवचन. कातडीवरची छिद्रे बारीक गोल पात्याने कोरून आतले केस साफ करायची पद्धत इस्रायलच्या मोशे गिप्स यांनी 1,358 रुग्णांवर वापरली आणि 2008 साली निष्कर्ष छापले. रोग एका वर्षात शंभरातल्या साडेसहा जणांना, तर दहा वर्षांत सुमारे सोळा जणांना पुन्हा झाला. उलट ग्रीक लष्करी सर्जन कारिडाकिस यांनी रोगट भाग कापून, एका बाजूची कातडी ओढून, टाक्यांची रेघ घळीच्या बाहेर नेली. सहा हजारांवर रुग्णांमध्ये त्यांना शेकडा एकच पुनरावृत्ती दिसली. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या वेगळ्या रुग्णांची अशी तुलना ही काही एका पंचासमोरची शर्यत नव्हे. तरीही मोठ्या शस्त्रक्रियेच्या बाजूचा मुद्दा खरा आहे, तो झाकायचे कारण नाही. मात्र तिचे यश कापण्याच्या आकारात नाही, टाक्यांच्या जागेत आहे. तेवढेच कापून घळीच्या मधोमध टाके घातले, तर रोग सहज परततो, हे तुलनात्मक चाचण्यांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. म्हणजे जास्त सोसले की जास्त बरे वाटते, हे इथे खरे नाही. भोग भोगल्याशिवाय सुटका नाही ही आपली जुनी समजूत शस्त्रक्रियागृहातही शिरलेली असते.

‘पण सोळा आणि एक यांत फरक नाही का?’ आहे. मात्र दुसऱ्या बाजूनेही मोजावे. छोट्या उपायाने दहा वर्षांनंतरही चौऱ्याऐंशी जण मोकळे आहेत. सोळा जणांचा दुसरा फेरा वाचवण्यासाठी या चौऱ्याऐंशी जणांनी लांब व्रण, बधिर कातडी आणि बुडालेले दिवस का सोसायचे? कर्करोगात असा सौदा रास्त ठरू शकतो, कारण तिथे रोग परतणे जिवावर बेतते. इथे सहसा पुन्हा गळू येते. शिवाय छोटा उपाय फसला तर मोठ्याची वाट उघडी राहते. कापून टाकलेले मांस मात्र परत येत नाही. यावर म्हणतील, की हातावर पोट असलेल्या माणसाला दोनदा इस्पितळ परवडत नाही, त्याचे काम एकदाच निस्तरावे. आक्षेप वजनदार आहे. पण त्याच माणसाला महिनाभराची रजाही परवडत नाही. कोणता तोटा झेपेल हे त्यालाच ठाऊक असते. वेदनेत माणूस दूरचे पाहत नाही हे मान्य. म्हणून त्याला आकडे नीट सांगावेत, त्याच्या वतीने निवडू नये. सुश्रुतानेही नाडीव्रणात, म्हणजे आत पोकळ वाट असलेल्या जखमेत, कृश, दुर्बळ आणि भित्र्या माणसासाठी शस्त्राऐवजी क्षारसूत्र, म्हणजे क्षार लावलेला दोरा, सुचवले आहे. भीतीला त्याने दोष मानले नाही, उपचार ठरवण्याचे एक कारण मानले.

छोट्या शस्त्रक्रियेच्या भक्तांनाही हा हिशेब चुकत नाही. ‘लेझरने एका दिवसात घरी’ अशी पाटी लावली म्हणून हिंसा आपोआप कमी होत नाही. जे छिद्र दुखत नाही, वाहत नाही, त्याला कोणतेच शस्त्र लावायला नको. 1994 साली दोन अमेरिकी सर्जननी लष्करी इस्पितळातला अनुभव छापला. आधीच्या दोन वर्षांत कापाकापीच्या उपचारांत 229 रुग्णांचे 4,760 दिवस खाटेवर गेले होते. मग घळीतले केस नियमित काढणे, स्वच्छता आणि पू झाला तरच छोटी चीर एवढ्यावर भागवले, तेव्हा वर्षभरात 101 रुग्णांचे मिळून 83 दिवस गेले. या वादात वस्तऱ्याची बाजू मांडायला सहसा कोणी उभे राहत नाही; त्याचे बिल फार थोडे होते.