कर्जदाराचा विसावा

ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्यानें चार दिवस बाहेरगांवीं फिरावयास जावें कीं नाहीं, हा प्रश्न लहान दिसतो. परंतु त्यांत दुसऱ्याच्या हक्काची गोष्ट आहे.

प्रथम हिशेब पाहूं. कोणीं सावकाराकडून दरमहा शेंकडा २ रुपये व्याजानें २०,००० रुपये घेतले. त्यांत फेडावयाचे ४,००० रुपये त्यानें थंड हवेच्या ठिकाणीं खर्चिले, तर तेवढ्यावरच दरमहा ८० रुपये, म्हणजे वर्षास ९६० रुपये व्याज त्यास अधिक पडेल. चार दिवसांची मौज तो वर्षभर फेडीत राहील. आणि तें कर्ज शेजाऱ्यानें बिनव्याजी दिलें असेल, तर तोटा त्या शेजाऱ्यास होतो, आणि भिडेमुळें तो बोलतही नाहीं. हें तर अधिकच वाईट.

मग कर्जदारानें विसावा घेऊंच नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. बैलाच्या मानेवरूनही जूं उतरावें लागतें. खचलेल्या शरीरानें कर्ज फिटत नाहीं. तीन वर्षें माहेर न पाहिलेल्या पत्नीस आईची भेट नाकारणें ही काटकसर नव्हे, निर्दयपणा होय. हप्ता आधीं भरावा, मग एस्टीनें जाऊन यावें.

कसोटी एकच. निघतांना धनकोच्या दारावरून जावें. “कोठें निघालां?” असें त्यानें विचारिल्यास मान खालीं न घालतां उत्तर देतां येईल, तर खुशाल जावें, न येईल, तर गांठोडें सोडून घरींच विसावा घ्यावा.