पाकिटात नसलेली नावे



नोव्हेंबर लागला की आपल्या वेदीजवळ एक परडी ठेवली जाते. घराघरांतून पाकिटे येतात. आत कागद आणि कागदावर आपल्या मृतांची नावे: आजी, आजोबा, वडील, कधी पाळण्यातच गेलेले एखादे बाळ. काही कागद वर्षानुवर्षे तेच असतात. वरची नावे आजीच्या हाताची, खालची सुनेच्या, अगदी तळाला नातवाने बॉलपेनने लिहिलेले आजीचेच नाव. महिनाभर प्रत्येक मिस्साबलिदानात आपण या सर्वांसाठी प्रार्थना करतो.

या पाकिटांवरून मला एका माणसाने एक प्रश्न विचारला. तो अजून मनातून गेलेला नाही.

८ सप्टेंबर २०२५ हा मरियामातेच्या जन्माचा सण होता. संध्याकाळची उपासना आटोपून मी फाटकाशी आलो, तेव्हा शेजारच्या सोसायटीचे वॉचमन मोबाईलमध्ये डोके घालून उभे होते. ते नेपाळचे. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. काठमांडूमध्ये तरुण मुलेमुली भ्रष्टाचाराविरुद्ध आणि सोशल मीडियावरील बंदीविरुद्ध रस्त्यावर उतरली होती आणि त्यांच्यावर गोळीबार झाला होता. त्या एका दिवसात १९ जण मरण पावले. गर्दीत शाळा-कॉलेजच्या गणवेशातली मुले दिसत होती. वॉचमन काही बोलले नाहीत. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वयाचा आहे.

पुढे नोव्हेंबरात त्यांनी लोकांना पाकिटे आणताना पाहिले, तेव्हा विचारले, “फादर, ज्यांची नावं कोणी लिहून देत नाही, त्यांचं तुम्ही काय करता?” मी म्हणालो, “आम्ही सर्वच मृतांसाठी प्रार्थना करतो.” उत्तर चुकीचे नव्हते. पण ते फार सोपे होते, हे मला तेव्हाच जाणवले.

आपल्याच सरकारच्या गोळीने जे तरुण मरतात, त्यांचे आपण काही देणे लागतो का? लागत असू, तर ते कसे फेडायचे? आज या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

आपल्या महाराष्ट्रापासूनच सुरुवात करतो. १९४२ चे ‘भारत छोडो’ आंदोलन. ९ सप्टेंबर रोजी नंदुरबारमध्ये शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. पुढे होता शिरीषकुमार मेहता, वय अवघे पंधरा, हातात तिरंगा. पोलिसांनी वाट अडवली. बंदूक मिरवणुकीतल्या मुलींवर रोखली गेली, तेव्हा मारायचे तर मला मारा, असे म्हणून तो पुढे झाला, असे सांगतात. गोळीबारात तो पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. आज नंदुरबारमध्ये त्यांचे स्मारक आहे. शिरीषकुमारचे नाव शाळेत ऐकले नाही, असा मराठी माणूस विरळा.

ही आठवण आपल्याला जड जात नाही. गोळी झाडणारे सरकार परक्यांचे होते, ते गेले. मुले आपली, दोष दुसऱ्याचा.

दुसरी आठवण आपल्या मुंबईची. २१ नोव्हेंबर १९५५. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी कामगार आणि त्यांच्याबरोबर विद्यार्थी विधिमंडळाकडे निघाले. फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी गोळीबार केला आणि १५ माणसे ठार झाली. पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, तेव्हा शहर पेटले आणि पुन्हा गोळ्या चालल्या. १०५ हुतात्मे असे आपण म्हणत आलो. नंतर ती यादी आणखी वाढली. या वेळी सरकार परक्यांचे नव्हते. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षे झाली होती, आणि मंत्री आपण निवडून दिलेले होते.

हुतात्म्यांची ती यादी मी सावकाश वाचली आणि चकित झालो. मराठी आडनावांच्या मध्ये चिमणलाल शेठ आहेत, वेदीसिंग आहेत, जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत. आणि आणखी दोन नावे आहेत: के. जे. झेवियर आणि पी. एस. जॉन. आपल्या पाकिटांत असतात तशीच नावे. हुतात्मा चौकावरून आपण किती वेळा गेलो असू! मशाल घेतलेले ते कामगार आणि शेतकरी बसच्या खिडकीतून पाहिले असतील. पण तिथल्या मृतांमध्ये एक झेवियर आणि एक जॉन आहे, हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांच्यासाठी एखाद्या नोव्हेंबरात कोणी पाकीट दिले असेल का?

तरीही हुतात्मा चौकाची आठवण आपण जपली, कारण तो लढा जिंकला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. जिंकलेल्यांच्या मृतांना चौक मिळतो, पुतळा मिळतो, पुष्पचक्र मिळते.

तिसरी आठवण अगदी आपल्या दाराशी आहे, आणि तीच सर्वांत अवघड. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ च्या सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतापलेले रहिवासी पूर्व द्रुतगती महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा जण ठार झाले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष काढला. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली ती २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी. पुढे अपिलात त्याला जामीन मिळाला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या वर्षी मी अठरा वर्षांचा होतो. कॉलेज घाटकोपरला, घर मुलुंडला. त्या दिवसाची माझी आठवण एवढीच की बस मिळाली नाही आणि घरी पोहोचायला रात्र झाली. आई दारात उभी होती. म्हणाली, “आलास ना सुखरूप? मग झालं. आपल्याला काय करायचंय?” मी जेवलो आणि झोपलो. कोण मेले, किती मेले, का मेले, काही विचारले नाही. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. न्याय म्हणजे काय यावर चांगले गुण मिळवणारे निबंध लिहिले. पण त्या दहा जणांतले एकही नाव मला सांगता आले नसते. माझ्या आईला मी दोष देत नाही. जमाव आणि बंदूक यांच्यामध्ये आपले मूल सापडू नये, असे कोणत्या आईला वाटत नाही? पण “आपल्याला काय करायचंय?” हा प्रश्न जुना आहे. भावाला मारल्यावर काईनाने देवाला जे उलट उत्तर दिले, ते याच घराण्यातले आहे.

रमाबाई नगरातले लोक विसरलेले नाहीत. ११ जुलैला ते आपल्या मृतांना अभिवादन करतात. विसरलो ते आपण, त्याच महामार्गावरून रोज जाणारे.

तेव्हा स्मरणाची कसोटी मला अशी वाटते. ज्या आठवणीत दोष नेहमी दुसऱ्याचाच असतो, ती अर्धीच आठवण. परक्याने मारलेला आपला मुलगा आठवणे सोपे आहे. आपल्या राज्याने मारलेला दुसऱ्या वस्तीतला मुलगा आठवणे कठीण आहे, आणि तिथेच स्मरण हे नैतिक कर्तव्य बनते.

आता कोणी म्हणेल, “फादर, तुम्ही एकच बाजू सांगता. जमाव दगड मारतो, जाळपोळ करतो. पोलीसही माणूसच आहे.” हे खरे आहे, आणि ते सांगितलेच पाहिजे. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत दंगली झाल्या होत्या. नेपाळमध्ये गोळीबाराच्या दुसऱ्याच दिवशी संसद भवन पेटवले गेले. बांगलादेशात २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनावर गोळ्या चालल्या, संचारबंदी आली, लष्कर रस्त्यावर उतरले. त्यात १,४०० पर्यंत माणसे मरण पावली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे. त्याच दिवसांत तिथे पोलीसही जमावाच्या हातून मारले गेले. त्यांच्याही आया रडल्या. आपल्या धर्मग्रामातही खाकी गणवेश घालणारी माणसे आहेत. हा लेख त्यांच्याविरुद्ध नाही. उलट, त्यांच्या खांद्यावर किती भारी ओझे आपण ठेवतो, याची मला जाणीव आहे.

पण दोन्ही बाजूंना दुःख असले तरी दोन्ही बाजूंची सत्ता सारखी नसते. जनतेने राज्याच्या हाती बंदूक दिली आहे ती जनतेच्याच रक्षणासाठी. म्हणून तिचा हिशेब अधिक कडक असतो. कमीत कमी बळ वापरा, असे आपला कायदासुद्धा सांगतो. आणि “मला हुकूम होता” एवढ्याने माणूस सुटत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर अन्यायी कायद्याला कायद्यापेक्षा बळजोरीच्या अधिक जवळचे मानले. एल साल्वादोरचे आर्चबिशप संत ऑस्कर रोमेरो यांनी २३ मार्च १९८० च्या प्रवचनात सैनिकांनाच साद घातली: तुम्ही मारता ते तुमचेच भाऊबंद आहेत, देवाच्या आज्ञेविरुद्ध जाणारा हुकूम पाळण्यास कोणीही बांधलेला नाही, या अर्थाचे ते बोलले. दुसऱ्याच दिवशी मिस्सा अर्पण करताना त्यांची हत्या झाली.

ही साद ऐकली जाऊ शकते का? ८ मार्च २०२१ रोजी म्यानमारच्या काचिन प्रांतात सिस्टर ॲन रोझ नू तवांग सशस्त्र पोलिसांपुढे रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या. मुलांना मारू नका, हवे तर मला मारा, अशी त्यांनी विनवणी केली. नंदुरबारच्या पंधरा वर्षांच्या मुलाने म्हटले तेच. त्या वेळच्या छायाचित्रात दोन पोलीसही हात जोडून गुडघ्यांवर आलेले दिसतात. त्या दिवशी पुढे गोळीबार झालाच आणि दोन माणसे मेली. तरीही ते दोन पोलीस मला फार महत्त्वाचे वाटतात. गणवेशाच्या आत सदसद्विवेकबुद्धी जागी असते, याचा तो पुरावा आहे.

आणि जिथे स्मरणालाच बंदी असते, तिथे काय होते? ३ जून १९८९ च्या रात्री चीनचे सैन्य रणगाडे घेऊन बीजिंगमध्ये शिरले. तिआनानमेन चौकात लोकशाही मागणारे विद्यार्थी होते. सैन्याने वाटेतल्या रस्त्यांवर नागरिकांवर गोळ्या झाडल्या. किती मेले, हे सरकारने आजवर नीट सांगितलेले नाही. बीजिंगच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या डिंग झिलिन यांचा सतरा वर्षांचा मुलगा त्या रात्री गेला. त्या बाईंनी काय केले? इतर मातांना बरोबर घेऊन त्यांनी मृतांची नावे जमवायला सुरुवात केली. घरावर पहारा बसला, तरी त्या थांबल्या नाहीत. दोनशेहून अधिक नावे जमली. हाँगकाँगच्या कॅथलिक धर्मप्रांतात दर वर्षी ४ जूनला या मृतांसाठी मिस्सा होत असे. २०२२ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायद्याच्या भीतीने ती थांबवावी लागली. बंधू-भगिनींनो, मृतांच्या नावांचा एक कागद आणि एक मिस्सा यांची एवढ्या बलाढ्य राज्याला भीती वाटते. यावरून स्मरणाची ताकद ओळखा.

आपल्यावर अशी बंदी नाही. आपले कागद कोणी जप्त करत नाही. आपण ते लिहितच नाही, एवढेच.

म्हणून या नोव्हेंबरात परडीत मी एक जादा पाकीट ठेवणार आहे. त्यात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती असतील. झेवियर आणि जॉन असतील, त्यांच्या यादीतले इतर सारे असतील. रमाबाई नगरातले दहा जण असतील. त्यांची नावे मी आता शोधून लिहून काढली आहेत, अठ्ठावीसहून अधिक वर्षे उशिराने. काठमांडू आणि ढाक्याचे विद्यार्थी असतील, आणि जमावाच्या हातून मेलेले पोलीसही असतील. यांतले बहुतेक जण आपल्या धर्माचे नव्हते. देवाजवळ पाकिटे धर्माप्रमाणे वेगळी लावलेली असतील, असे मला वाटत नाही.

तुम्हालाही एक विनंती आहे. आपल्या घरच्या कागदावर तळाला एक ओळ मोकळी सोडा आणि तिथे घराबाहेरचे एक नाव लिहा. मुलांनी विचारले, हे कोण, तर त्यांना सांगा. आणि आपल्या युवकांनी येत्या ११ जुलैला रमाबाई नगरात जावे. भाषण करायला नको. मागे उभे राहून नुसते ऐकावे.

त्या वॉचमनना मी आता उत्तर देऊ शकेन. ज्यांची नावे कोणी देत नाही, त्यांची नावे आम्ही शोधतो. निदान, शोधायला सुरुवात केली आहे.

प्रभू सर्व मृतांना चिरशांती देवो आणि आपल्याला जागे ठेवो.

तुमचे धर्मगुरू