नाममुद्रा आणि नवस

काच, माती वा धातू घडविणाऱ्या आजच्या कारागिराला ‘कलावंत’ म्हटले, की कृतीवर त्याची नाममुद्रा असणे न्याय्य ठरते. हा न्याय सर्वत्र पुरेसा आहे काय, हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुड्यात टोकदार होतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत नवस केलेले पुरुष मोरपिसांचे टोप घालतात, कमरेला घुंगरू बांधतात आणि काही दिवस व्रतस्थ राहतात. कारागीर घुंगराला आकार व नाद देतो. त्या नादाला अर्थ मात्र पाळलेल्या व्रतातून येतो.

जिल्ह्याला लागून असलेल्या दक्षिण गुजरातेतील मातीच्या घोड्यांचेही असेच आहे. कुंभार घोडा घडवतो, नवस करणारा तो देवस्थानी वाहतो आणि पुढे ऊनपाऊस त्याला मातीत मिळवतात. वालोडला जन्मलेले हकु शाह (१९३४–२०१९) यांनी या परंपरेचा साक्षेपाने अभ्यास केला. स्टेला क्रामरिश यांच्यासमवेत त्यांनी साकारलेल्या १९६८ च्या फिलाडेल्फिया येथील ‘अननोन इंडिया’ प्रदर्शनाने अशा वस्तूंना कलासंग्रहालयात मान मिळवून दिला. मात्र या सन्मानातूनच एक नैतिक पेच उभा राहतो. देवस्थानात कारागिराचे निनावी असणे निरागस असते, कारण तेथे कुंभार गावाला ठाऊक असतो. संग्रहालयात तेच निनावीपण अन्याय ठरते.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव मानले. नवसाचा घोडा या दोहोंपैकी एकाच ध्रुवाशी बांधता येत नाही. त्याचा घाट स्वतंत्रपणे आस्वाद्य आहे. तरीही वाहण्याच्या कृतीवाचून तो अपुरा आहे. त्यामुळे नामफलकावर कुंभाराचे नाव लिहिल्याने अर्धेच ऋण फिटते. वस्तूची दुसरी कर्ती व्यक्ती, म्हणजे ती वाहणारी, तरीही अनुल्लेखितच राहते.

यावर संग्रहबंदी हा उपाय नव्हे. कुंभाराच्या भट्टीवरून मोल देऊन आणलेला घोडा आणि देवस्थानातून उचललेला घोडा दिसायला सारखेच असतील. नैतिकदृष्ट्या ते भिन्न आहेत. पहिल्यात कारागिराच्या श्रमाचा स्वीकार आहे, दुसऱ्यात दुसऱ्याच्या वचनाचा भंग. हा भेद डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच केवळ रूपावर विसंबणाऱ्या समीक्षेला वस्तू कोठून आणि कशी आली, हेही विचारावे लागेल.